वाटे कोण घालणार

९ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. मेकनेसच्या बसस्टँडवर शेजारीण झुहूर सोडायला आली होती. म्हणाली, "बहीजा, या वयात डोंगरात जाऊन काय लाकडं फोडणार आहेस?" म्हटलं, "इथं राहून तरी काय, तुझ्या सुनेच्या तक्रारी ऐकणार?" ती हसली नाही. आई गेल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी हसत नाही.

शाळा नवीकोरी आहे. आसपासच्या वस्त्यांवरच्या एकेका खोलीच्या शाळा सरकारने जूनमध्ये बंद केल्या आणि सगळी मुलं या एका मोठ्या शाळेत आणली. प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक, राहायला वसतिगृह, जेवणखाण फुकट. मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल मी. कागदावर वाचलं तेव्हाच मला पटलं होतं. गळक्या छपराखाली चार इयत्ता एकत्र कोंबून कुणाचं भलं झालंय? शिवाय घर भाड्याने देऊन कुठे तरी जायचंच होतं मला. भाऊ बेल्जियमहून फोनवर म्हणाला, "छान झालं, तुला सोबत मिळेल." त्याचं काय जातंय म्हणायला.

१३ सप्टेंबर

मुली आल्या. सहा वर्षांपासून अकरापर्यंतच्या. त्यांना माझी अरबी फारशी कळत नाही, मला त्यांची अमाझिग अजिबात नाही. स्वयंपाकाच्या इत्तोमावशी इथल्याच, त्या मधे उभं राहून दोन्हीकडचं सांगतात. मी पाच मिनिटं बोलले की मावशींचं चार शब्दांत उरकतं. कुठे तरी गळती आहे.

एकही मुलगी रडली नाही. मला वाटलं होतं, पहिला आठवडा नाकी नऊ येतील. मुख्याध्यापक सी अब्दुलगनी जेवणघरात डोकावले आणि म्हणाले, "लल्ला, केवढी शिस्त. टाचणी पडली तर ऐकू येईल." मी आतल्या आत मोहरले. पुष्कळ वर्षांनी कुणी कौतुक केलं.

एकच कटकट. नियमाप्रमाणे एका मुलीला एक खाट दिली आहे. सकाळी पाहावं तर निम्म्या खाटा रिकाम्या आणि उरलेल्यांवर तिघी तिघी. समजावलं, "अगं, किती ऐसपैस जागा आहे प्रत्येकीला." मावशींनी भाषांतर केलं. मुलींनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सगळ्यांत धाकटी तूदा. तामालूत नावाच्या वस्तीवरची, घाटापलीकडची. रस्ता असा की तिला दर आठवड्याला घरी नेणं जमत नाही, सुट्टीतच जायचं. तिच्या वस्तीवरून आलेली ती एकटी मुलगी. आधीच्या शाळेत वर्षभर होती, तेवढ्यात अक्षरं पक्की झालेली. दिसेल ते वाचते. पिठाचं पोतं, दुधाचा डबा, माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. अर्थ कळत नाही, तरी वाचते. आज माझ्या खोलीच्या दारावरची पाटी वाचली आणि बोट माझ्याकडे करून म्हणाली, "बहीजा." मोठ्या बाईला लल्ला म्हणावं, पुरुषाला सी, तसलं काही नाही. रागवायला हवं होतं. मी बिस्किट दिलं.

४ ऑक्टोबर

आज वाफवलेल्या रव्याचा कुसकुस होता. त्यावर भाज्या आणि प्रत्येकीच्या ताटात मटणाचा एक तुकडा. ताटं सरकारकडून आलेली, पत्र्याची, खणाखणांची. स्वच्छतेचा नियम कडक आहे, एका भांड्यात अनेकांनी हात घालायचा नाही. मला तर बरंच वाटलं. मागे लागायला नको, ज्याचं त्याच्या ताटात.

पण मुली मटण खात नाहीत. सगळं चाटूनपुसून खातात आणि तुकडा तसाच ठेवतात. घंटा होते, ताटं परत जातात. पहिल्या आठवड्यापासून हेच चाललंय. मला वाटलं, गरिबाची पोरं, मटणाची सवय नसेल. मावशी रागावून म्हणाल्या, "सवय नाही काय म्हणता? आमच्या मेंढ्या तुमच्या शहरात जातात, लल्ला." मग खात का नाहीत, तर त्या म्हणाल्या, "मी भांडी घासते. जेवणघरात कोण काय करतं मला दिसतं का?" तेही खरं. जेवणघरात मीही नसते. घंटा देऊन खोलीत जाते आणि आपलं छोटं भांडं गॅसवर ठेवते. एकटीचं जेवण किती वेळाचं, उभ्या उभ्याच होतं.

१९ ऑक्टोबर

सुट्टी लागली. मुलींना न्यायला घरचे आले. तूदाचा बाप बास्सू खेचर घेऊन आला होता. उंच, बारीक, बाजारात अरबी शिकलेला, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्याने तूदाला खेचरावर बसवायला उचललं आणि तसाच थांबला. हातात धरून तोलल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळला.

"लल्ला, मी दिली तेव्हा ही जड होती."

मी म्हटलं, नवीन जागा आहे, रुळेल. तो म्हणाला, "हिच्या आजीने बघितलं तर पुन्हा पाठवणार नाही. आमची शाळा होती तेव्हा दुपारी जेवायला घरी यायची. आता तिथं कुलूप आहे."

ही मुलगी घरी बसली तर संपलं. तामालूतमध्ये आजवर एकही मुलगी तिसरीच्या पुढे गेलेली नाही, मावशींनीच सांगितलंय. मी म्हटलं, "सी बास्सू, डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत मुदत द्या. तोवर हिची तब्येत सुधारली नाही तर मी स्वतः तुमच्याकडे आणून सोडीन." त्याने खेचराच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाला, "शब्द दिलात."

हो, दिला. आता निस्तरायला हवं.

२९ ऑक्टोबर

तूदा आली. बापाने सोबत मध आणि अंडी पाठवली आहेत, माझ्यासाठी. मला रडूच आलं, मग स्वतःचाच राग आला.

वसतिगृह रिकामं होतं तेव्हाचे दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं काय होतं? एकदा भावाला फोन लावला, तो कामावर होता.

६ नोव्हेंबर

प्रांताच्या कार्यालयातून फोन. पुरवठा बघणारा कुणी तरुण आवाज. "लल्ला, तुमच्याकडून मटण न खाल्ल्याचा अहवाल दर आठवड्याला येतोय. मुलींना आवडत नसेल तर बंद करून टाकू. वाया कशाला घालवायचं? डाळ वाढवू." मी म्हटलं, "थांबा की जरा. हिवाळा तोंडावर आलाय, पोरी काय नुसत्या डाळीवर काढणार?" तो म्हणाला, "मग खाऊ घाला त्यांना. महिनाअखेर बघतो."

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. अहवाल मीच पाठवते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गॅस संपला. म्हणून प्रथमच मुलींच्या टेबलावर जेवायला बसले. मी बसल्याबरोबर सगळ्या गप्प. आधीही गप्पच होत्या म्हणा. कुसकुस खाल्ला, भोपळा खाल्ला, गाजर खाल्लं. तुकडे राहिले. मग तूदाने आपला तुकडा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. तिच्या शेजारच्या इज्जाने ठेवला. मग तिसरीने. बघता बघता माझ्या ताटात ढीग झाला आणि सगळ्या हात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसल्या.

मला भरून आलं. आजवर मला कुणी असं स्वतःच्या तोंडचं काढून दिलेलं नाही. मी एक तुकडा खाल्ला, छातीवर हात ठेवून सगळ्यांचे आभार मानले, आणि पोटाला जास्त होईल म्हणून उरलेलं ताट आत पाठवून दिलं. किती मायाळू मुली आहेत. तूदाचा चेहरा तेवढा पडलेला वाटला. थकली असेल.

९ नोव्हेंबर

मी गाढव आहे. हे इथं लिहून ठेवते.

सकाळी मावशी चुलीपाशी मुसमुसत होत्या. विचारलं तर उसळल्याच. "काल पोरींनी मटण तुमच्यापुढे ठेवलं ते कशाला? वाटे घालायला. आमच्यात एका भांड्यात जेवतात. भाजी आपापल्या बाजूची खायची आणि मधल्या मटणाला हात लावायचा नाही. शेवटी घरातलं मोठं माणूस तोडून प्रत्येकाच्या पुढ्यात वाटा ठेवतं, मग खायचं. दोन महिने पोरी वाट बघतायत कुणी येऊन वाटेल म्हणून. इज्जाने आत्ता सांगितलं मला. कुणीच आलं नाही. काल तुम्ही बसलात, त्यांना वाटलं, आज तरी. आणि तुम्ही एक खाऊन बाकीचं परत पाठवलंत."

आमच्याकडे मेकनेसला काय वेगळं होतं? वडील असेपर्यंत तेच वाटायचे, नंतर आई. आई गेली आणि वाटायला काही उरलंच नाही. ताटात वेगळे खण आहेत, प्रत्येकीचा तुकडा प्रत्येकीपुढे आहे, म्हटल्यावर वाटायचं काय, असं मला वाटलं. पोरींना तसं वाटलं नाही.

१० नोव्हेंबर

सी अब्दुलगनींना विचारलं, मोठ्या परातीत एकत्र वाढू का? ते गडबडले. "लल्ला, स्वच्छतेचा नियम आहे. तपासणीला आले तर माझी नोकरी जाईल. तुम्ही असं करा, मुलींनाच समजवा. लहान आहेत, पटकन शिकतात."

बरोबर आहे त्यांचं. महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे, मटण बंद झालं तर तूदाचं वजन वाढायचं कशाने? आणि रोज प्रत्येक टेबलावर जाऊन मी तरी कशी वाटणार? पोरी शिकतात पटकन.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शिकवायला घेतलं. ताटं आली की मी मधे उभी राहते. "हा कुणाचा तुकडा?" "माझा." "कुणाची वाट बघायची?" "कुणाचीच नाही." "आधी काय खायचं?" "मटण." पहिल्या दिवशी त्या एकमेकींकडे बघत बसल्या. इज्जाने उचलून पुन्हा ठेवला. तूदा तर हात पाठीमागे बांधून बसली. मी तिच्याजवळ गेले, तिचा हात धरून तुकड्यावर ठेवला आणि म्हटलं, "तुझा आहे गं. घे. कुणी काही म्हणणार नाही."

तिने खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. शाब्बास म्हटलं तिला.

२८ नोव्हेंबर

जमलं. ताटं साफ. आता तर मटण आधी संपतं, मग बाकीचं. प्रत्येकीला शाब्बास म्हणत फिरते, त्या तोंड भरलेल्या हसतात. कार्यालयातला तरुण खूश. "बघा, थोडे कष्ट घेतले की होतं." नर्स वजन घ्यायला आली होती, तूदा भरली आहे. गाल आलेत. अक्षरं सोडून आता ओळी वाचते. मला माझा अभिमान वाटला, लपवत नाही.

गॅस आला आहे. पुन्हा खोलीत जेवते.

७ डिसेंबर

सुट्टी. बास्सू आला. तूदाला उचललं, तोललं आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून हसला. "लल्ला, तुमचा शब्द म्हणजे शब्द." तूदाने वरून हात केला. दिवसभर जमिनीवर पाय नव्हते माझे. कुणाला तरी सांगावं म्हणून झुहूरला फोन केला. तिने सुनेचं सांगितलं.

१६ डिसेंबर

सगळ्या आल्या. तूदा नाही. घाटात बर्फ असेल.

१७ डिसेंबर, मंगळवार

बर्फ नव्हतं. आज बाजारचा दिवस, बास्सू बाजार करून आला, एकटाच. तूदाची गादी आणि पेटी न्यायला.

मी त्याला चहा दिला. त्याने एक घोट घेतला. मग म्हणाला, "तुमच्याबद्दल तक्रार नाही, लल्ला. वजन तुम्ही म्हणालात तसं भरलंय."

"मग?"

"थोरलीचं लग्न जमवायला पाहुणे आले होते. बायकांच्या भांड्याभोवती माझी आई, मुलाची आई, सगळ्या. बिस्मिल्ला म्हणायच्या आत तूदाने मधे हात घातला आणि मोठा तुकडा काढून खायला लागली. आईने तिचा हात धरला. तर म्हणाली, 'माझा आहे. कुणाची वाट बघायची नाही.'"

म्हटलं, "लहान आहे हो. माझं चुकलं, मीच शिकवलं. इथली ताटं वेगळी असतात. बाकीच्या मुली घरी नीट जेवल्या असतील ना?"

"त्या मोठ्या आहेत. शाळेतलं शाळेत, घरातलं घरात, त्यांना कळतं. तूदाला अजून कळत नाही." त्याने पेला खाली ठेवला. "पाहुण्यांसमोर लाज गेली त्याचं काही नाही. लग्न ठरलं. पण पुढे रोज बघितलं मी. ही आपलं घेते, खाली मान घालून खाते, संपलं की उठते. कुणाकडे बघत नाही. ज्याचं घरात कुणी नाही ना, लल्ला, ते माणूस असं जेवतं."

मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, ती वाचते हो, ओळीच्या ओळी वाचते, तिला घरी बसवू नका. येत्या मंगळवारी तिला घेऊन या, आमच्याबरोबर जेवा, मी सगळं बदललेलं असेल. नाही पटलं तर न्या गादी. तो म्हणाला, "मला तिला शिकवायचंय. माझ्या दारात शाळा होती तेव्हा मी एक दिवस बुडवू दिला नाही." गादी ठेवून गेला. मंगळवारी येतो म्हणाला.

२० डिसेंबर

सी अब्दुलगनींना सांगितलं, मंगळवारी पराती काढणार, तपासणीवाले आले तर माझं नाव सांगा. ते म्हणाले, "मी त्या दिवशी गावात नसेन." यापेक्षा जास्त त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती.

मावशींच्या बहिणीकडून मातीच्या पराती आणवल्या. मावशी म्हणाल्या, "मुलींना सांगायला हवं." मी म्हटलं, सांगायचं काय त्यात? जन्मापासून तशाच जेवत आल्यात. परात दिसली की येईल ध्यानात.

२४ डिसेंबर, मंगळवार

लिहून टाकते, मग झोप लागली तर लागेल.

बास्सू दुपारी आला. तूदाने नवा रुमाल बांधला होता. मला बघितल्यावर धावत आली, कमरेला मिठी मारली आणि भिंतीवरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली, बापाकडे बघत. तो ऐकत होता. त्याला स्वतःला वाचता येत नाही. त्याच्या तोंडावर जे दिसलं त्यावरून मला वाटलं, जिंकलं आपण.

पराती मांडल्या. कुसकुस, सलगम, गाजर, मधे मटण, मावशींनी जीव ओतून केलेलं. मी बास्सू, तूदा, इज्जा आणि चार मुलींबरोबर बसले. बास्सू पाहुणा आणि वडीलधारा, म्हणून म्हटलं, "सी बास्सू, आज वाटे तुम्ही घाला." त्याने बाह्या वर केल्या. मावशी हात धुवायला पाणी घालत होत्या.

त्याचे हात ओले होते तेवढ्यात मुलींनी मधे हात घातला. सगळ्या परातींवर, एकदमच. कुणी भांडलं नाही, हिसकावलं नाही. प्रत्येकीने आपला तुकडा उचलला, खाली मान घातली आणि खाल्ला. घंटेनंतर रोज मी उभी असताना खायच्या तशाच, माझ्या समोर, मी शिकवलं तसंच, नीट, शिस्तीत. मी "थांबा" म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही.

फक्त तूदा थांबली होती. हात मांडीवर, नजर बापाच्या हातांकडे. आठवडाभरात आजीने शिकवून घेतलं असणार. परातीच्या मधे तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

बास्सूने हात पुसले. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तूदाला भरवला. मग स्वतः सलगम खाल्लं. जेवण झाल्यावर म्हणाला, "अन्न चांगलं होतं. अल्लाह बरकत देवो." तूदाचा हात धरून वर गेला. मी जिन्याखाली उभी राहिले. गादी गुंडाळायला फार वेळ लागला नाही.

ते फाटकाबाहेर पडले तेव्हा इज्जा माझी ओढणी ओढत होती. तिच्यामागे सगळ्या उभ्या, हातांत पराती तिरप्या धरून मला आतलं दाखवत. एक कणही उरला नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी म्हणायची वाट बघत.

मी म्हटलं, शाब्बास.